जिभेचा सातबारा

रशियन सैन्यात एक जुना शब्दप्रयोग आहे, 'जीभ आणणं'. रात्री शत्रूच्या हद्दीत गुपचूप शिरायचं आणि त्यांचा एखादा शिपाई जिवंत उचलून आणायचा, म्हणजे त्याच्याकडून माहिती काढता येते. अशा धरून आणलेल्या माणसाला म्हणायचं 'यझिक', म्हणजे जीभ. दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत सैनिकांच्या आठवणींत हा शब्द वारंवार भेटतो. त्या शिपायाचं नाव, गाव, बंदूक कशालाच किंमत नाही. कामाची तेवढी जीभ.

त्याच 'यझिक'चा दुसरा अर्थ भाषा. 'रूस्की यझिक' म्हणजे रशियन भाषा. आणि जुन्या चर्च-स्लाव्हिकमध्ये, म्हणजे स्लाव्ह लोकांच्या जुन्या धर्मग्रंथांच्या भाषेत, या शब्दाला तिसराही अर्थ होता: लोक, जमात, राष्ट्र. १८१२ साली नेपोलियन मॉस्कोवर चालून आला तेव्हा त्याच्या फौजेत फ्रेंचांबरोबर पोल, इटालियन, जर्मन असे नाना मुलखांचे लोक होते. रशियात त्या आक्रमणाला 'बारा जिभांची स्वारी' असं नाव पडलं. मूर्तिपूजकाला रशियनमध्ये आजही 'यझिच्निक' म्हणतात, कारण धर्मग्रंथांच्या ग्रीक मजकुरात 'इतर लोक' या अर्थाने आलेल्या शब्दासाठी जुन्या भाषांतरकारांनी हाच जिभेचा शब्द घेतला.

जीभ, भाषा, लोक. गेली दीडशे-पावणेदोनशे वर्षं स्लाव्ह देशांत, म्हणजे रशियन, पोलिश, सर्बियन अशा एकाच घराण्यातल्या भाषा बोलणाऱ्या देशांत, भाषेवरून जी भांडणं झाली, त्यांत वाद दुसऱ्या अर्थाचा दिसतो. लढाई असते तिसऱ्यासाठी. 'तुमची भाषा म्हणजे आमचीच' म्हणणारा आणि 'आमच्या भाषेचा तुमच्याशी काही संबंध नाही' म्हणणारा, दोघेही एकच गोष्ट गृहीत धरून बसलेले असतात: भाषा ज्याची, माणसं त्याची आणि जमीनही त्याची. जणू जिभेचा सातबारा असतो आणि त्यावर कुणाचं तरी एकट्याचं नाव चढलंच पाहिजे. ही समजूत मोडीत काढायला हवी, असं माझं म्हणणं आहे. आणि मराठी माणसाने लांबून बघून नुसती हळहळ व्यक्त करावी असं हे प्रकरण नाही.

आधी शब्दाकडे बघू, कारण तो आपल्या नात्यातलाच आहे. संस्कृत जिह्वा, प्राकृत जिब्भा, मराठी जीभ ही एक शाखा. लॅटिन लिंग्वा (जुन्या लॅटिनमध्ये दिंग्वा), इंग्रजी टंग आणि स्लाव्ह भाषांतला यझिक या दुसऱ्या शाखा. मूळ एकच मानतात. फारसी 'जबान'सुद्धा त्याच घराण्यातली, म्हणजे चौकीत हवालदार जबानी नोंदवून घेतो तेव्हा तो जिभेच्याच एका चुलतबहिणीला कामाला लावत असतो. पोलिश येंझिक, चेक आणि स्लोव्हाक याझिक, सर्बियन, क्रोएशियन, स्लोव्हेनियन येझिक, बल्गेरियन एझिक, मॅसेडोनियन याझिक. उच्चार थोडा इकडेतिकडे, पण तोंडातली जीभ आणि बोलायची भाषा यांना सगळीकडे एकच शब्द.

पुण्यात मी काही महिने संध्याकाळी रशियन शिकायला जात असे. बाईंनी एकदा फळ्यावर लिहिलं, 'यझिक बेस कस्त्येय'. यझिक म्हणजे जीभ, बेस म्हणजे विना, कोस्त् म्हणजे हाड, एवढं सांगून त्या वळतात तोच मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, 'जिभेला हाड नाही!' बाई खूश. मग आम्ही तासभर म्हणींच्या जोड्याच लावत बसलो आणि त्या दिवशीचं व्याकरण बुडालं.

युक्रेनियन आणि बेलारूशियन मात्र वेगळ्या वाटेने गेल्या. तिथे 'याझिक' तोंडातच राहतो आणि भाषेला म्हणतात 'मोवा'. तिचं मूळ कलकल, कुजबुज, बोलणं अशा अर्थाच्या जुन्या स्लाव्ह शब्दात आहे. त्याच मुळापासून रशियनमध्ये 'मल्वा' झाला, त्याचा अर्थ उरला अफवा, वदंता. आपणही या बाबतीत युक्रेनच्या पंगतीतले, जीभ निराळी आणि भाषा निराळी. यावरून कुणी असा निष्कर्ष काढू नये की ज्यांच्याकडे दोन शब्द ते शहाणे. चेक लोकांकडे एकच शब्द आहे आणि त्यांचं शेजाऱ्याशी उत्तम चाललं आहे. आपल्याकडे दोन असून आपण काय दिवे लावले ते पुढे येतंच. शब्द कुणाला भांडायला लावत नाही. पूर्वी लोक कशाकशाची सरमिसळ करत होते, याची खूण तेवढी तो जपून ठेवतो.

जुलै १८६३ मध्ये रशियन साम्राज्याचे गृहमंत्री प्योत्र वालुयेव यांनी एक गुप्त परिपत्रक काढलं. युक्रेनियनला तेव्हा सरकारदरबारी 'छोटी-रशियन' म्हणत. परिपत्रकातलं वाक्य प्रसिद्ध आहे: वेगळी अशी कोणतीही छोटी-रशियन भाषा नव्हती, नाही आणि असू शकत नाही. हे वाक्य वालुयेवांनी स्वतःच्या अंगावर घेतलं नाही. बहुतेक छोटे-रशियन लोकच असं म्हणतात, अशी त्याची मांडणी केली. ज्याची भाषा नाकारायची त्याच्याच तोंडी तो नकार घालायचा, ही युक्ती पुढे अनेकांनी वापरली. या परिपत्रकाने धार्मिक, शालेय आणि सामान्य जनतेसाठीच्या युक्रेनियन पुस्तकांची छपाई थांबली. १८७६ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर जर्मनीतल्या एम्स या झऱ्यांच्या गावी हवापालटाला गेला असताना त्याने दुसऱ्या हुकमावर सही केली. आता बाहेरून पुस्तकं आणणंही बंद, नाटकं बंद, गाण्याच्या स्वरलिपीखाली छापायचे शब्दसुद्धा बंद. नसलेल्या भाषेवर बंदी घालायला दोन फर्मानं लागली. सोव्हिएत काळात १९३३ मध्ये युक्रेनियन वर्णमालेतून 'ग'चा उच्चार दाखवणारं अक्षरच काढून टाकलं. ते परत आलं १९९० मध्ये.

युक्रेनियन वेगळी आहे हे दाखवणं अवघड नाही. रशियनमध्ये 'नेद्येल्या' म्हणजे आठवडा. युक्रेनियनमध्ये 'नेदील्या' म्हणजे रविवार, आणि आठवड्याला ते म्हणतात 'तिझ्देन', जो पोलिश आणि चेक शब्दांच्या रांगेतला आहे. आभार मानताना रशियन म्हणतो 'स्पसीबा', युक्रेनियन म्हणतो 'द्याकुयू', पोलिश म्हणतो 'जेन्कुये'. अशी यादी कितीही लांबवता येईल. पण मला ती लांबवायची नाही, कारण यादी करणं म्हणजे समोरच्याने मांडलेल्या पटावर खेळायला बसणं. समजा, युक्रेनियन ही खरोखरच रशियनची बोली असती. मग? त्यामुळे मॉस्कोला कीव्हवर हक्क मिळाला असता? ऑस्ट्रियात जर्मन बोलतात म्हणून ऑस्ट्रिया जर्मनीची होत नाही. हिटलरने १९३८ मध्ये ती केली, हे त्या तर्काविरुद्धचंच उदाहरण आहे. जुलै २०२१ मध्ये पुतिन यांनी रशियन आणि युक्रेनियन लोकांच्या 'ऐतिहासिक ऐक्या'वर लांबलचक लेख लिहिला. त्यातही वेगळ्या राज्यांत विखुरल्यामुळे भाषेत प्रादेशिक फरक पडले, बोली तयार झाल्या, अशी भाषा आहे. सात महिन्यांनी रणगाडे निघाले.

रशियन आणि युक्रेनियन दोन्हींत एक सारखीच म्हण आहे: जीभ कीव्हपर्यंत नेते. म्हणजे तोंडाने वाट विचारत गेलं की माणूस कुठेही पोचतो. पूर्वी यात्रेकरू असेच कीव्हच्या मठांपर्यंत जात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनच्या रस्ते खात्याने लोकांना रस्त्यांवरच्या पाट्या काढून टाकायला सांगितलं, रशियन फौजेला वाट सापडू नये म्हणून. आणि अनोळखी माणूस भेटला की लोक त्याला 'पाल्यानित्स्या' म्हणायला लावत. हा एका गोल पावाचा शब्द, रशियन जिभेला नीट जमत नाही. पाव म्हणायला सांगायचा आणि त्यावरून माणूस आपला की परका ठरवायचं. युद्धात हे समजण्यासारखं आहे. पण ही कसोटी पुरेशी होती का? त्याच महिन्यात खार्किव्हसारख्या शहरांत घरीदारी रशियन बोलणारे हजारो लोक रशियाविरुद्ध उभे राहिले. राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की स्वतः क्रिव्ही रीहचे, रशियन बोलत वाढलेले. भाषा म्हणजेच राष्ट्र हे समीकरण पुतिन यांनी मांडलं आणि त्यांचीच भाषा बोलणाऱ्या युक्रेनियनांनी ते खोटं ठरवलं.

म्हणूनच युक्रेनच्या २०१९ च्या राजभाषा कायद्याबद्दल मला अर्धवट समाधान आहे. ज्या भाषेवर इतकी फर्मानं निघाली तिला शाळेत, कचेरीत, दुकानात पहिली जागा मिळालीच पाहिजे. मात्र त्या कायद्यातल्या अल्पसंख्याकांच्या भाषांसंबंधीच्या तरतुदींवर युरोप परिषदेच्या व्हेनिस आयोगाने आक्षेप घेतले, ते मला रास्त वाटतात. खार्किव्हच्या रशियन बोलणाऱ्या आजीने आपली निष्ठा नव्याने सिद्ध करायची गरज नाही.

दुसरं टोक बघायचं तर बाल्कनमध्ये जावं लागतं. १८५० च्या मार्चमध्ये व्हिएन्नात काही सर्ब आणि क्रोएट विद्वान जमले. वूक काराजिच हे त्यांतलं सगळ्यांत मोठं नाव, 'जसं बोलता तसं लिहा' हे तत्त्व अमलात आणणारा माणूस. त्यांनी करारनामा केला, त्याची सुरुवातच अशी की एका लोकसमूहाला एकच वाङ्मय असावं. हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण 'एक लोक म्हणून एक भाषा' असं म्हटलं की त्याचं उलटंही आपोआप खरं मानावं लागतं: लोक वेगळे झाले की भाषाही वेगळी झाली पाहिजे. १९९१ नंतर युगोस्लाव्हिया फुटला आणि तेच झालं. एका सर्बो-क्रोएशियनच्या जागी आधी सर्बियन, क्रोएशियन आणि बोस्नियन झाल्या. मग २००७ च्या राज्यघटनेने मॉन्टेनेग्रिन आली, तिच्यासाठी २००९ मध्ये दोन नवी अक्षरं आली.

फरक आहेत, नाहीत असं नाही. सर्बियातल्या बेलग्रेडमध्ये 'काफा', क्रोएशियातल्या झाग्रेबमध्ये 'कावा', बोस्नियातल्या सारायेवोत 'काहवा', प्यायला कॉफीच. पाव कुठे 'ख्लेब' तर कुठे 'क्रूह', हजार कुठे 'हिल्यादा' तर कुठे 'तिसुचा'. कोल्हापूर आणि नागपूर यांच्यात याहून जास्त अंतर निघेल. १९९९ साली झाग्रेबमध्ये एक सर्बियन चित्रपट क्रोएशियन शब्दपट्ट्या लावून दाखवला, तेव्हा प्रेक्षक पट्ट्यांनाच हसत होते. बोस्नियात सिगारेटच्या पाकिटावर 'धूम्रपानाने मृत्यू येतो' हे तीन भाषांत छापत: दोनदा अक्षरशः तेच शब्द रोमनमध्ये आणि तिसऱ्यांदा तेच सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियनसारख्या लिपीत. युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या हेगच्या न्यायालयाने या घोळातून वाट काढली. तिन्ही नावांची आद्याक्षरं जोडून एकच भाषा मानली आणि एकच दुभाषी बसवला.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. पुढे येत नाही. बोस्निया-हर्झेगोव्हिनाच्या संघराज्य भागात 'एका छताखाली दोन शाळा' नावाचा प्रकार आहे. इमारत एक, पण क्रोएट मुलांचा अभ्यासक्रम वेगळा, बोस्नियाक (म्हणजे बोस्नियन मुस्लिम) मुलांचा वेगळा, बऱ्याच ठिकाणी येण्याजाण्याचे दरवाजे किंवा वेळाही वेगळ्या. कारण सांगायचं काय, तर प्रत्येकाला मातृभाषेतून शिकण्याचा हक्क. २००७ मध्ये तिथल्या एका प्रांताच्या शिक्षणमंत्री म्हणाल्या की सफरचंदं आणि नासपती एकत्र करता येत नाहीत. मातृभाषेतून शिक्षण हा आपण सगळ्यांनी उचलून धरलेला हक्क आहे, मीही धरतो. पण एकमेकांचं अक्षर न् अक्षर कळणाऱ्या मुलांमध्ये भिंत बांधायला तो वापरला की काय होतं, ते तिथे जाऊन बघावं. २०१६ मध्ये यायत्से गावात असं आणखी एक विभाजन ठरलं तेव्हा शाळेतली मुलंच रस्त्यावर आली, क्रोएट आणि बोस्नियाक दोन्ही. पुढच्या वर्षी सरकारला तो बेत सोडावा लागला, आणि २०१८ मध्ये या मुलांना युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटनेचा माक्स फान देर स्तूल पुरस्कार मिळाला.

त्याच सुमारास, मार्च २०१७ मध्ये, सारायेवोत 'सामायिक भाषेचं घोषणापत्र' मांडलं गेलं. दोनशेहून अधिक लेखक, भाषाशास्त्रज्ञ, पत्रकार यांच्या सह्या सुरुवातीलाच होत्या. त्यात म्हटलं होतं की जर्मन, इंग्रजी, अरबी यांच्यासारखीच ही अनेक केंद्रं असलेली एक प्रमाणभाषा आहे. नावं चार असल्याने भाषा चार होत नाहीत. आणि ज्याला जे नाव द्यायचं ते त्याने द्यावं. झाग्रेबच्या आणि बेलग्रेडच्या राष्ट्रवाद्यांनी एकाच वेळी त्याच्यावर तोंडसुख घेतलं, यावरूनच ते नेमकं दुखऱ्या जागी लागलं होतं हे कळतं. सामान्य माणसाने हा प्रश्न त्याआधीच सोडवला होता. नाव घेतलं की वाद होणार, म्हणून तिथले लोक म्हणतात 'नाश येझिक', आमची भाषा. किंवा नुसतं 'नाश्की', आमचं. बस्स.

बल्गेरियाने नोव्हेंबर २०२० मध्ये उत्तर मॅसेडोनियाची युरोपीय संघाशी होणारी बोलणी अडवली, त्यामागेही हीच कुरबुर होती: मॅसेडोनियन ही स्वतंत्र भाषा नाही, बल्गेरियनचंच एक रूप आहे. १९९९ मध्ये दोन्ही देशांनी यावर तोडगा काढला होता. संयुक्त जाहीरनामा 'दोन्ही देशांच्या राज्यघटनांनुसार ज्या अधिकृत भाषा आहेत त्यांत' केला, असं लिहून प्रत्येकाने आपापलं नाव टाकलं. वकिली शब्दरचना आहे, पण मला ती आवडते, कारण तिने कुणालाच खोटं ठरवलं नाही. वीस वर्षांनी बल्गेरियाला तीही पुरेनाशी झाली.

आणि चेक-स्लोव्हाक? १९९३ मध्ये देश दोन झाले, भाषा दोन होत्याच. आजही स्लोव्हाक माणूस प्रागच्या कचेरीत स्लोव्हाकमध्ये अर्ज देऊ शकतो, कायद्यानेच तशी सोय आहे. कुणी 'तुमची ती आमची बोली' म्हणत नाही आणि कुणी दुभाषी मागत नाही. याच्यावर लिहिण्यासारखं फारसं नाही, हेच त्याचं यश.

आता आपलं घर. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावं म्हणणाऱ्यांची १,३८,१७० मतं, वेगळं राहावं म्हणणाऱ्यांची १,७२,१९१. विलीनीकरणाच्या बाजूने सगळ्यांत जोरात मांडलेला युक्तिवाद कोणता होता? कोकणी ही मराठीची बोली, म्हणून गोवा महाराष्ट्राचा. वालुयेवांच्या परिपत्रकातली हुकूमशाही त्यात नव्हती. इथे मतपेटी होती, बंदी नव्हती, आणि हरल्यावर महाराष्ट्राने निकाल मानला. हा फरक लहान नाही. पण वाक्याचा सांगाडा तोच: जीभ आमची, म्हणून जमीन आमची. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र भाषा मानलं, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली. तरी आजही आपल्याकडच्या लग्नात, कट्ट्यावर कुणीतरी काका 'शेवटी कोकणी म्हणजे मराठीच की' असं म्हणतात, आणि आपण मान डोलावतो. काकांचा हेतू जवळीक दाखवण्याचा असतो. ऐकणाऱ्या गोंयकाराला मात्र त्यात तलाठ्याचा आवाज ऐकू येतो.

मराठीचं गोव्यातलं स्थान मला नाकारायचं नाही, उलट ते भक्कम आहे असंच मी म्हणतो. पिढ्यानपिढ्या तिथले हिंदू घरी कोकणी बोलले आणि कीर्तन, पोथी, वर्तमानपत्र, नाटक यांसाठी मराठीकडे वळले. मराठीला तिथे जागा मागायची तर ती या वाचकांच्या, श्रोत्यांच्या जोरावर मागावी. बोलीचा दाखला काढून मागू नये, त्याने मराठीचीच बाजू लंगडी पडते. आणि कोकणीवाल्यांनाही एक विचारायचं आहे. १९८७ च्या कायद्यात कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी अशी व्याख्या झाली. रोमी, म्हणजे रोमन लिपीत पिढ्यानपिढ्या लिहिणारे, तियात्र (कोकणी नाटकं) करणारे, मासिकं काढणारे तेव्हापासून दाराबाहेर उभे आहेत. ज्यांना 'तुमची भाषाच नाही' असं ऐकावं लागलं, त्यांनी आपल्यातल्याच दुसऱ्यांना 'तुमची लिपी नाही' म्हणावं, हे काही शोभत नाही.

कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या सारस्वतांना परक्या गावात कुणी आपल्यासारखं बोलताना दिसलं की ते विचारतात, 'आमचिगेले?' आमच्यातले का? भाषेचं नाव त्यात येतच नाही. बोस्नियातल्या 'नाश्की'ची मला या शब्दावरूनच आठवण झाली. गोव्यात गणपतीच्या दिवसांत एखाद्या घरी गेलात तर अजूनही दिसतं: आरती मराठीत चालते, शेवटचा घोष होतो, आणि प्रसादाची ताटली पुढे करणारी बाई लगेच कोकणीत विचारते, आणीक जाय?